जागतिक संघटनांची वीकेंड बॅच : चार स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय

आधीच सांगतो मी स्पर्धा परीक्षावाला नाही. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, मी आणि भाऊ मिळून बघतो, एक्स्पोर्टचे कागद माझ्याकडं. पुतणी एमपीएससी करायलीय, तिनं ही बॅच लावली "आंतरराष्ट्रीय संघटना : सत्ता आणि अधिकार" म्हणून, शनिवार-रविवार संध्याकाळी. तिला सोडायला जायचो, मग बाहेर गाडीवर बसून मोबाईल घासण्यापेक्षा आत बसू का म्हणून विचारलं तर मॅडम म्हणाल्या बसा की, अर्धी फी भरा. त्यामुळं हा रिव्ह्यू परीक्षेच्या मार्कांच्या हिशेबानं नाही, धंद्यातल्या माणसाला ह्यातून काय मिळालं त्या हिशेबानं वाचा. मार्कांचं पुतणीला विचारून शेवटी लिहिलंय.

मला वाटलेलं मुख्यालयं पाठ करून घेतील, जिनिव्हात काय, न्यूयॉर्कला काय, स्थापना कधी, सदस्य किती. ते बाकीच्या क्लासमध्ये होतं म्हणे. इथं पहिल्या तासाला फळ्यावर एकही साल नाही. मॅडमनी विचारलं की संयुक्त राष्ट्रांकडं स्वतःचं सैन्य नाही, शांतिसेनेला जवान देशच देतात, आरोग्य संघटनेला कुठल्याच देशातला एक दवाखाना बंद करता येत नाही, व्यापार संघटनेकडं जप्तीला पाठवायला एक शिपाई नाही, मग एवढं जग ह्यांचं ऐकतं कशाला? पोरांनी उत्तरं दिली, पैसा, अमेरिका, बदनामीची भीती, एकजण म्हणाला सवय. सगळं लिहून घेतलं त्यांनी आणि म्हणाल्या हे अर्धं झालं, उरलेल्या अर्ध्यासाठी ही बॅच आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे काय ते मला तरी दुसऱ्या आठवड्यात कळलं आणि ते आमच्याच धंद्यातनं कळलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही प्रत्येक इन्व्हॉइसवर, शिपिंग बिलावर ६३०२६० हा आकडा टाकतो, कॉटनच्या टेरी टॉवेलचा. सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करणारा एजंट, सांगतो, आपण टाकायचा, कुणी ठरवला हे विचारायची पद्धत आमच्या लाइनीत नाही. हा सहा आकडी नंबर ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचा आहे. १ जानेवारी १९८८ पासून ही पद्धत चालू आहे, २०० च्या वर देश आणि प्रदेश वापरतात, जगातल्या ९८ टक्क्यांपेक्षा जास्त मालाचा व्यापार ह्याच खणांमध्ये मोजला जातो. पुढचे आकडे देश आपापले लावतात पण पहिले सहा सगळीकडं तेच. आता बघा, माल कुठल्या खणात पडला ह्यावर तिकडची ड्युटी, इकडं आपल्याला मिळणारा ड्रॉबॅक, म्हणजे एक्स्पोर्टवर परत मिळणारी ड्युटी, सरकारची आकडेवारी, एखादा देश माल अडवणार का सोडणार हे सगळं ठरतं. ब्रुसेल्समधला एकही माणूस आमच्या कारखान्यात कधी येणार नाही, पैसे देणार नाही, दम देणार नाही. पण त्यानं टॉवेलची व्याख्या बदलली तर आमच्या भावात फरक पडतो. पुढची बदललेली यादी १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे, एक्स्पोर्टवाल्यांनी आत्ताच लक्ष ठेवा.

मॅडमनी इथं बाजार समितीतल्या कांद्याचं उदाहरण दिलं. ढिगासमोर उभा राहून जो एक नंबर, दोन नंबर, गोल्टी (बारका कांदा) असं बोलतो त्याचा कांदा नसतो, पैसा नसतो, पण गोल्टी म्हणलं की शेतकऱ्याचं काम तमाम. त्या दिवसापासून बॅचमध्ये कुठलीही संघटना निघाली की मागच्या बाकावरनं आवाज यायचा "गोल्टी कोण ठरवतंय मॅडम", आणि खरं सांगायचं तर प्रश्न तोच होता.

आरोग्य संघटनेचा तास बिडीवर गेला, कोरोनावर नाही. कोरोनाचं थोडक्यात झालं, ३० जानेवारी २०२० ला त्यांनी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीप्रमाणं जागतिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तेव्हा फार कुणी हललं नाही, ११ मार्चला महासाथ म्हणल्यावर सगळे पळायला लागले, आणि गंमत म्हणजे महासाथ जाहीर करायची तरतूद त्या नियमावलीत तेव्हा नव्हतीच, ती २०२४ च्या दुरुस्तीत घातली. एवढं सांगून मॅडम बिडीवर आल्या कारण बॅचमधल्या दोन-तीन मुलींच्या घरी बिड्या वळतात. सोलापुरात हे नवीन नाही, पूर्व भागात गल्ल्याच्या गल्ल्या. आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार केला, भारतानं २००४ मध्ये मान्य केला, २००५ पासून लागू. करारात लिहिलंय की पुड्यावरचा इशारा निम्म्या भागावर किंवा जास्त असावा आणि ३० टक्क्यांच्या खाली तर नसावाच. आपण एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के केला. म्हणजे जिनिव्हानं मागितलं त्याच्या पुढं गेलो आपण, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्या आईला हजार बिडीमागं जी मजुरी मिळते तिचं त्या करारात काही आहे का?" मला वाटलं विषय टाळतील. नाही टाळला. त्याच करारातलं कलम १७ वाचून दाखवलं, त्यात तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडणारा दुसरा रोजगार उभा करायला देशांनी मदत करावी असं सरळ लिहिलेलं आहे. मग म्हणाल्या चित्र पुड्यावर आलं, कलम १७ तुमच्या गल्लीत आलं का ते तू सांग. ती म्हणाली नाही. वर्ग गप्प. माझं मत विचाराल तर अशा संघटनांना जे फुकटात करून घेता येतं ते लवकर होतं, चित्र छापायचा खर्च कंपनीचा, ते झालं. ज्याला पैसा लागतो ते कलम नुस्तं कलम राहतं. मॅडम एवढं स्पष्ट बोलल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावर होतं.

बँकेत सारखी केवायसी का मागतात ह्याचं उत्तरही इथं मिळालं, माझ्यासारख्याला हे लै उपयोगाचं. पॅरिसमध्ये एफएटीएफ नावाची मंडळी आहेत, १९८९ मध्ये जी-७ देशांनी काढलेली, काळा पैसा आणि नंतर दहशतवादाचा पैसा अडवायला. त्यांच्या ४० शिफारशी आहेत, शिफारशी बरं का, कायदा नाही, तह पण नाही. पण ऐकलं नाही तर ग्रे लिस्ट, म्हणजे जादा नजर ठेवायच्या देशांची यादी. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ त्या लिस्टमध्ये होता, आणि लिस्टमधल्या देशाशी व्यवहार करताना जगातल्या बँका चारदा विचार करतात, त्यामुळं बाहेर पडायला त्यांनी कायदे बदलले, खटले चालवले. सैन्य नाही, दंड नाही, यादीतलं एक नाव फक्त. त्याच शिफारशी पॅरिसपासून दिल्ली, दिल्लीवरनं रिझर्व्ह बँक, तिथनं आपल्या गावातली सहकारी बँक असं करत काउंटरवरच्या बाईंपर्यंत येतात आणि त्या आपल्याला सांगतात फोटो नवा आणा.

आता उसाचा तास. ह्या एका तासासाठी मी पूर्ण फी भरली असती. बॅचमध्ये माळशिरस, पंढरपूर, मोहोळकडची पोरं बरीच, म्हणजे घरी ऊस. मॅडमनी खटला काढला, ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला विरुद्ध भारत, जागतिक व्यापार संघटनेत, साखरेवर. १४ डिसेंबर २०२१ ला पॅनेलचा, म्हणजे तिथल्या पंचांचा, निकाल आला आणि आपण हरलो. मुद्दा असा होता की शेतीला सरकारनं किती आधार द्यायचा ह्याला करारात मर्यादा आहे, आपल्यासाठी त्या पिकाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या १० टक्के, आणि पॅनेल म्हणालं २०१४-१५ ते २०१८-१९ अशी सलग पाच वर्षं भारतानं उसाला त्याच्यापेक्षा जास्त आधार दिला. कशातनं दिला? तर एफआरपीतनं, म्हणजे सरकारनं उसाला ठरवून दिलेल्या किमान भावातनं. भारताचं म्हणणं होतं की एफआरपीचे पैसे सरकार देतच नाही, कारखाने देतात, मग सरकारी आधार कसा? पॅनेल म्हणालं भाव सरकारनं ठरवून दिलाय ना, मग झाला आधार, पैसे कुणाच्या खिशातनं जातात त्याच्याशी संबंध नाही. हे ऐकून मोहोळचा एकजण उठलाच, "मॅडम कारखाना देतो हे तरी त्यांना कुणी सांगितलं, वेळेवर देतो का विचारा म्हणावं." सगळा वर्ग हसला, त्या पण हसल्या.

पण खरी चीड पुढं आली. आधार किती झाला हे मोजायला आजचा भाव कशाशी ताडायचा? शेतीच्या त्या करारात लिहिलंय की १९८६ ते १९८८ ह्या काळातल्या किमती धरून. म्हणजे डिझेल आजचं, खत आजचं, तोडणी आजची आणि तुलना आमच्या शाळेतल्या दिवसांतल्या भावाशी. कुठला आकडा धरायचा हे एकदा कागदात बसलं की पुढची ४० वर्षं त्याच्याशी भांडत बसा, आणि तो कागदात बसवताना टेबलावर कोणाचं चालत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मॅडमचा सगळा कोर्स मला तरी ह्या एका गोष्टीत दिसला. सत्ता म्हणजे निकाल देणं तर आहेच, पण निकालाच्या आधी हिशेबाची पद्धत ठरवणं ही मोठी सत्ता, आणि ती कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

पोरांचा राग निघू दिला आणि मग हळूच विचारलं, निकाल लागला, पुढं काय झालं? काही नाही झालं. भारतानं जानेवारी २०२२ मध्ये अपील टाकलं, आणि अपील ऐकणारं मंडळच बंद आहे. सात जणांचं मंडळ, एका प्रकरणाला किमान तिघं लागतात, अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या, डिसेंबर २०१९ मध्ये एकच जण उरला, २०२० मध्ये तोही गेला. म्हणजे अपील टाकलं की ते अधांतरी, आणि तोपर्यंत खालचा निकाल लागू होत नाही. आपलं सरकार बाहेर सांगतंय की अपील मंडळ परत चालू करा, आणि ते बंद आहे म्हणून एफआरपी वाचली. मॅडम म्हणाल्या ह्याच्यात लबाडी शोधू नका, प्रत्येक देश असंच करतो, नियम सोयीचा असला की नियम, नसला की सार्वभौमत्व. मला स्वतःला ते तितकं हलकं वाटलं नाही. अमेरिका एका संस्थेचा दरवाजा आतून कडी लावून बंद करू शकते आणि ग्वाटेमाला करू शकत नाही, ह्यात सगळं आलं. पण ते मी खाली लिहितो.

व्यापार संघटनेला नुस्त्या शिव्या घालून चालणार नाही हे पण तितकंच. आमच्या वडिलांच्या काळात कापडाला कोटा होता, १९७४ पासून श्रीमंत देशांनी लावलेला, कुठल्या देशानं किती माल पाठवायचा ते ठरलेलं, कोट्यासाठी माणसं मुंबईला खेटे घालायची. तो टप्प्याटप्प्यानं काढायचं ह्याच व्यापार संघटनेच्या करारात ठरलं आणि १ जानेवारी २००५ ला शेवटचा कोटा गेला. सोलापुरी चादरीचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, म्हणून आपण मिरवतो ते पण तिथलंच, त्या करारातल्या बौद्धिक संपदेच्या भागामुळं आपल्याकडं १९९९ मध्ये जीआयचा कायदा आला. आता दुसरीकडची चादर सोलापुरी म्हणून कुठल्याही स्टेशनबाहेर विकतात ती गोष्ट वेगळी, हक्क कागदावर मिळतो, पकडायला आपल्यालाच जावं लागतं.

जागतिक बँकेचा तास मध्यम होता. दारिद्र्यरेषा २०२५ मध्ये रोजच्या २.१५ वरनं ३ डॉलर केली, एका रात्रीत जगातले गरीब वाढले, कुणाचं ताट बदललं नाही, एवढं छान सांगितलं. मग व्यवसाय सुलभतेची ती यादी, जिच्यात आपण १४२ वरनं ६३ वर आलो म्हणून पेढे वाटले होते. ती यादी भारतासाठी फक्त मुंबई आणि दिल्ली बघून काढायचे! सोलापुरात वीज कनेक्शनला किती खेटे पडतात ह्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पुढं दुसऱ्या काही देशांच्या आकड्यांत गडबड सापडली, चीन आणि सौदीची नावं आली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेनं यादीच बंद केली. तोपर्यंत कितीतरी सरकारांचे कायदे तिच्या रकान्यांप्रमाणं बदलून झाले होते. ह्याच्यावर अजून अर्धा तास पाहिजे होता, घाईत गुंडाळलं.

आता एक स्टार का कापला. नाणेनिधी, सुरक्षा परिषद आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय हे तिन्ही मिळून एका संध्याकाळी उरकलं. हे चालणार नाही मॅडम. नाव पाडणारे, खण पाडणारे, आकडे ठरवणारे हे सगळं पटलं, पण त्या आकड्यांच्या मागं काठी कुणाकडं आहे हे शिकवायला तेवढाच वेळ लागतो. नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडं साधारण साडेसोळा टक्के आहेत, म्हणजे बाकी सगळं जग एका बाजूला झालं तरी अडतं, हे एका वाक्यात सांगून पुढं. भारताचा कोटा, म्हणजे निधीतला वाटा, पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. १९९१ ला आपण ४७ टनांच्या आसपास सोनं गहाण टाकलं, नाणेनिधीचं कर्ज घेतलं, अटी आल्या, त्या अटी कुठल्या आणि आपल्याच लोकांना हव्या होत्या त्या कुठल्या, हा खरा रंगणारा विषय, गिरण्यांच्या, यंत्रमागांच्या ह्या गावातल्या वर्गात तर नक्कीच. पाच मिनिटं.

पाकिस्ताननं फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचं प्रकरण तरी बरं शिकवलं. १७ जुलै २०१९, पंधरा विरुद्ध एक, हेगच्या कोर्टाकडं पोलीस नाही तरी पाकिस्तानला त्यांच्या शिक्षेच्या फेरविचारासाठी कायदा करावा लागला. पण माणूस अजून सुटलेला नाही हे पण त्याच वाक्यात सांगितलं, ते आवडलं.

शेवटी एका मुलानं हैतीचं काढलं, तिथं २०१० मध्ये शांतिसैनिकांच्या तळावरनं नदीत घाण गेली, कॉलरा पसरला, दहा हजारांच्या घरात माणसं मेली. नुकसानभरपाई मागितली तर संयुक्त राष्ट्रांनी आमच्यावर दावा चालत नाही म्हणून फेटाळलं, सरचिटणीसांनी माफी मागितली ती २०१६ मध्ये. मुलगा म्हणाला मग ह्यांच्यावर गोल्टी कोण म्हणणार? मॅडमनी उत्तर खरं दिलं, की बाहेरचं कुणी नाही, आतले अहवाल आणि बाहेरचे पत्रकार एवढंच आहे, पण तेवढ्यात वेळ संपली. असा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत येऊ द्यायचा नसतो ओ, तो दुसऱ्या आठवड्यात यायला पाहिजे.

बाकी सोयी. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पंखे आहेत पण मागच्या दोन रांगांना पंख्याचाच आवाज जास्त येतो, एप्रिल-मेमधली बॅच घेणाऱ्यांनी आपापली बाटली आणि रुमाल आणावा, सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायची गरज नाही. पार्किंग रस्त्यावर, चारचाकी नेऊच नका. नोट्स झेरॉक्सच्या, काही पानं इतकी फिक्की की तक्ते वाचता येत नाहीत, पीडीएफ मागितली तर देतात पण मागावी लागते. रेकॉर्डिंग मिळेल असं जाहिरातीत होतं, मिळालं नाही, ऑफिसमधला मुलगा "पुढच्या आठवड्यात दादा" म्हणत राहिला. माझं एक्स्पोर्टचं काम असलं की तास बुडायचा, तेव्हा हे खटकलं. खालचा चहा चांगला आहे, आणि चर्चा खरी तिथंच होते.

पुतणीचं मत वेगळं आहे, तेही लिहितो म्हणजे अन्याय नको. ती म्हणते, "काका, तुम्हाला गोष्टी आवडल्या, मला पेपरला कलमं आणि सालं लागतात, ती मी घरी काढली." मुख्य परीक्षेत लिहायला मुद्दे भरपूर मिळाले असं तिचं म्हणणं, पूर्वपरीक्षेला मात्र फारसा उपयोग नाही. तिनं साडेतीन स्टार दिलेत. नुस्ते एमसीक्यू पाहिजेत त्यांनी दुसरीकडं जावं.

लावायची असेल तर दिवाळीनंतरची धरू नका, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेमुळं तास बुडतात आणि नंतर एकावर एक उरकतात, आमचं नाणेनिधीचं तसंच झालं. फेब्रुवारीची घ्या. फी साडेतीन हजार, दोन हप्त्यांत घेतात. पालक म्हणून बसायचं असेल तर आधी मॅडमना विचारा, ऑफिसमध्ये विचारलं तर पूर्ण सांगतात.